जुना संगणक रोज हँग होत असेल तर आधी डिस्कचा दिवा पाहावा

नागपुरातील एका अभ्यासिकेत ठेवलेल्या आठ जुन्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. त्यांपैकी सहा डेस्कटॉप एकसारखे, साधारण २००९-१० च्या काळातील आहेत: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम आणि १६० जीबीची फिरती हार्ड डिस्क. सातवे यंत्र म्हणजे ॲटम एन२७० प्रोसेसरचे नेटबुक आणि आठवा सेलेरॉन जे१९०० बसवलेला एक छोटा चौकोनी डबा. विंडोज ७ ला सुरक्षा अद्यतने मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० या यंत्रांना पेलवत नव्हते, म्हणून ती सर्व लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर आणली गेली. त्यानंतर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली. विद्यार्थी शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज भरायला बसतो, तीन-चार टॅब उघडतो, पंधरा-वीस मिनिटांनी माउसचा बाण अडखळू लागतो आणि मग हलेनासाच होतो, बटण दाबून धरून संगणक बंद करावा लागतो आणि अर्ध्यावर आलेला अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो.

या तक्रारीवर मी आधी जो उपाय केला तो बहुतेक जण करतात आणि तो चुकीचा होता. मी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, बदलली. प्रथम लुबुंटू, मग मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, मग डेबियन १२ वर एलएक्सक्यूटी (एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे दोन्ही हलके डेस्कटॉप). प्रत्येक वेळी नव्या मांडणीवर दोन-तीन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच झाले. ते दोन-तीन दिवस बरे का जातात हे पुढे लक्षात आले: नव्या मांडणीत ब्राउझरमध्ये जुन्या टॅब नसतात, विस्तार नसतात, आणि मुलेही नवे काही दिसले की जरा जपून वापरतात. रिकाम्या डेस्कटॉपने घेतलेली रॅम मोजली तर एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई यांच्यात माझ्या यंत्रांवर शंभर एमबीचाही फरक नव्हता, आणि एखादे आधुनिक संकेतस्थळ एका टॅबमध्ये दोनशे-तीनशे एमबी सहज घेते. हलका डेस्कटॉप घेणे योग्यच आहे, परंतु त्यामुळे वाचलेली रॅम ब्राउझर दोन मिनिटांत गिळतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो. आज्ञांची आणि पॅकेजांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ती इंग्रजीतील लहान अक्षरांत टंकावीत.

हँग हा एक आजार नाही. तीन-चार वेगळ्या आजारांचे ते एकच बाह्य लक्षण आहे. त्यांतील कोणता हे ओळखण्यासाठी यंत्र अडकलेले असतानाच, बटण दाबण्यापूर्वी, दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कॅबिनेटच्या तोंडावरचा डिस्कचा लाल दिवा: तो अखंड पेटलेला आहे, की विझलेला आहे. दुसरी म्हणजे नम लॉकची कळ दाबल्यावर कीबोर्डवरील तिचा दिवा बदलतो की नाही. दिवा उशिरा का होईना पण बदलला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे आणि यंत्र कशाची तरी वाट पाहत आहे. अजिबात बदलला नाही आणि डिस्कचा दिवाही विझलेला असेल, तर यंत्र खऱ्या अर्थाने थांबले आहे आणि त्याचे कारण निराळे. माझ्या सहाही डेस्कटॉपवर लाल दिवा अखंड पेटलेला असे, डिस्कची खरखर कानाला ऐकू येई आणि नम लॉकचा दिवा दहा-बारा सेकंदांनी बदले. यंत्र मेले नव्हते, ते डिस्कवर अडकले होते.

खात्री करण्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात टर्मिनलची एक खिडकी उघडून तिच्यात 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा एका सेकंदाच्या अंतराने चालू ठेवावी आणि नेहमीप्रमाणे टॅब उघडत जावे. छापून येणारी पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी. पुढच्या ओळींत 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने पाहावेत. स्वॅपमधून, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेतून, आत किती येत आहे आणि बाहेर किती जात आहे ते हे रकाने दाखवतात. दोन्ही रकान्यांत एकाच वेळी हजारांच्या घरातले आकडे वाहू लागले आणि 'डब्ल्यूए' रकाना, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, साठ-सत्तरच्या वर गेला, तर निदान झाले. रॅम संपली आहे आणि कर्नल तीच पाने, म्हणजे रॅममधील मजकुराचे छोटे तुकडे, डिस्कवर टाकतो आहे आणि परत आणतो आहे. 'फ्री' या आज्ञेतही 'फ्री' नावाचा रकाना पाहून घाबरू नये. रिकामी रॅम लिनक्स फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी, वापरतो, म्हणून तो आकडा नेहमीच लहान दिसतो. पाहायचा तो 'अव्हेलेबल' रकाना.

इतक्या थोड्या अदलाबदलीने यंत्र मिनिटेच्या मिनिटे का अडकते, याचा हिशेब एकदा मांडला की उपाय आपोआप सुचतो. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या जागी जाऊन एकदा वाचण्यास साधारण १२ ते १३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० खेपा होतात. कर्नल मूळ मांडणीनुसार स्वॅपमधून एका खेपेत ८ पाने आणतो आणि एक पान ४ केबीचे असते, म्हणजे एक खेप ३२ केबीची आणि सेकंदाला सुमारे अडीच एमबी. मागे पडलेली टॅब पुन्हा उघडताना ३०० एमबी परत आणायचे झाले तर दोन मिनिटे गेली. शिवाय त्यांना जागा करण्यासाठी दुसरी पाने त्याच डिस्कवर लिहावी लागतात आणि त्याच वेळी समोर बसलेला मुलगा वैतागून आणखी चार वेळा क्लिक करतो.

येथे एक प्रचलित सल्ला खोडून काढणे आवश्यक आहे. "स्वॅप बंद करा, म्हणजे हँग होणार नाही" असे अनेक जण सांगतात. मीही ते करून पाहिले आणि यंत्र आणखी लवकर अडकले. कारण असे की स्वॅप नसला तरी कर्नलजवळ रॅम मोकळी करण्याचा एक मार्ग उरतो: चालू कार्यक्रमांच्या फायलींमधून वाचलेली पाने तो फेकून देऊ शकतो, कारण ती डिस्कवर मूळ रूपात असतातच. मग ब्राउझरचा, डेस्कटॉपचा, अगदी माउसचा बाण हलवणारा कोडही पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचला जातो. लाल दिवा तसाच पेटलेला राहतो. फक्त 'एसआय' आणि 'एसओ' रकाने शून्य दिसतात आणि 'बीआय' रकाना, म्हणजे डिस्कवरून होणारे वाचन, फुगतो, एवढाच फरक.

खरा उपाय झेडरॅम. रॅमचाच एक भाग संकुचित स्वॅप म्हणून वापरण्याची ही सोय २०१४ मध्ये ३.१४ क्रमांकाच्या कर्नलपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. पाने डिस्कवर न जाता दाबून, घडी घालून रॅममध्येच ठेवली जातात, आणि घडी उलगडण्यास लागणारा वेळ डिस्कच्या खेपेच्या तुलनेत नगण्य असतो, प्रोसेसर कोअर टू ड्युओ असला तरीही. डेबियनवर 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज बसवावे. परंतु ते बसवून समाधान मानू नये, कारण मूळ मांडणीत ते फक्त २५६ एमबीचा झेडरॅम तयार करते, आणि नेमके येथेच माझे दोन आठवडे वाया गेले. 'ईटीसी' फोल्डरातील 'डिफॉल्ट' फोल्डरात 'झेडरॅमस्वॅप' नावाची फाइल असते. तिच्यातील 'परसेंट' या ओळीपुढील हॅश चिन्ह काढून मूल्य ५० ठेवावे, आणि 'अल्गो' या ओळीत 'एलझेड४' ठेवावे. 'झेडस्टँडर्ड' अधिक घट्ट दाबतो, पण इतक्या जुन्या प्रोसेसरवर मला एलझेड४ बरा वाटला. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करून 'झेडरॅमसीटीएल' ही आज्ञा दिली की मूळ माप आणि दाबल्यानंतरचे माप शेजारी दिसते. तीन क्रमांकाच्या यंत्रावर पाच टॅब उघड्या असताना ६१२ एमबीची पाने १९८ एमबीत मावलेली मी पाहिली, म्हणजे २ जीबीच्या यंत्रात चारशे एमबीची जागा फुकटात मिळाली.

झेडरॅम लावल्यावर 'स्वॅपीनेस' हे, कर्नलने स्वॅपकडे किती वळावे ते ठरवणारे, मूल्यही बदलावे लागते, आणि ते बहुतेकांच्या सवयीच्या उलट दिशेने. जुन्या लेखांत ते ६० वरून १० करण्यास सांगितलेले असते. स्वॅप डिस्कवर असताना त्यात अर्थ होता. स्वॅप रॅममध्येच असताना १० ठेवणे म्हणजे कर्नलला स्वस्त मार्ग बंद करून महाग मार्गाने पाठवणे होय, कारण मग तो पाने दाबण्याऐवजी फायलींचा कॅश फेकत सुटतो. कर्नल ५.८ पासून हे मूल्य २०० पर्यंत देता येते. मी ते १५० ठेवले आहे आणि त्यासोबत 'पेज-क्लस्टर', म्हणजे एका खेपेत किती पाने आणायची ते ठरवणारे मूल्य, शून्य केले आहे, कारण झेडरॅममधून एकेक पान आणण्यास कोणतीही खेप पडत नाही.

एवढे करूनही नवव्या-दहाव्या टॅबला रॅम संपणारच. तेव्हा यंत्र अडकण्यापेक्षा एक टॅब बंद पडलेली परवडते, आणि ते काम 'अर्लीऊम' ही छोटी सेवा करते. कर्नलची स्वतःचीही अशी व्यवस्था आहे, पण ती फार उशिरा जागी होते. अर्लीऊम बसवूनही माझी दोन यंत्रे अडकत राहिली, आणि कारण शोधताना आपलीच चूक सापडली: ही सेवा उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप हे दोन्ही १० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत थांबते. माझ्या डिस्कवर ४ जीबीचे जुने स्वॅप विभाजन तसेच होते. झेडरॅम भरल्यावर कर्नल त्या विभाजनाकडे वळे, ते ९० टक्के भरेपर्यंत अर्लीऊम शांत बसे, आणि तोवर लाल दिवा पेटून पाच मिनिटे झालेली असत. 'एफएसटॅब' या, सुरू होताना कोणती विभाजने जोडायची त्याची यादी असलेल्या, फायलीतील त्या विभाजनाची ओळ बंद केल्यानंतर हे थांबले. यंत्र झोपवण्याची हायबरनेट सोय त्यामुळे जाते. अभ्यासिकेत तिची गरज कोणाला नव्हती. हे डिस्कवरील स्वॅप बंद करणे वर खोडून काढलेल्या सल्ल्यासारखे दिसेल, पण येथे झेडरॅम मागे उभा आहे आणि अर्लीऊम पहाऱ्यावर आहे, हा फरक आहे.

ब्राउझरबाबत थोडक्यात. उबुंटू २२.०४ आणि त्यापुढील आवृत्त्यांत फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेज स्वरूपात येतो आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडण्यास असह्य वेळ घेतो. डेबियनमध्ये त्याची ईएसआर (दीर्घकाळ आधार असलेली) आवृत्ती साध्या पॅकेजमधून मिळते, हे डेबियनवर थांबण्याचे माझे एक कारण. जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन हा विस्तार बसवल्याने जेवढी रॅम वाचली तेवढी कोणत्याही डेस्कटॉपने वाचवली नाही. कोणती टॅब किती रॅम खाते हे पत्त्याच्या जागी 'अबाउट' आणि अपूर्णविरामानंतर 'प्रोसेसेस' टंकून पाहता येते.

रॅम वाढवता येत असेल तर अर्थातच वाढवावी. जी३१ चिपसेटला जास्तीत जास्त ४ जीबी चालते. मात्र बर्डीतील, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील, दुकानांतून किंवा ऑनलाइन जुनी डीडीआर२ घेताना "फक्त एएमडी बोर्डसाठी" अशा जातीची पट्टी गळ्यात पडणार नाही हे पाहावे. ती स्वस्त असते आणि इंटेलच्या या बोर्डांवर चालत नाही.

मार्च संपेपर्यंत तक्रार आली नाही आणि मी हा विषय मिटला असे समजलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला: "सर, दुपार झाली का पाच नंबरचा बसतेच." सकाळी हेच यंत्र ठणठणीत असे, आणि काकांच्या त्या 'दुपार झाली का' मध्येच निम्मे निदान होते. मी जाऊन पाहिले तेव्हा बाण अडखळत होता, खिडक्या एकेक रेघ करीत उघडत होत्या, पण या खेपेस लाल दिवा विझलेला होता आणि 'व्हीएमस्टॅट'चे स्वॅपचे रकाने शांत होते. 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज बसवून 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली, तर प्रोसेसर ९७ अंशांवर होता. कर्नलच्या नोंदींत, म्हणजे 'डीमेसेज' आज्ञेच्या उत्तरात, तापमान मर्यादेबाहेर गेल्यामुळे प्रोसेसरची गती कमी केल्याच्या ओळी रांगेने होत्या. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी चालतो-थांबतो आहे, आणि बाहेरून ते हँगसारखेच दिसते.

पाच आणि सहा क्रमांकांची यंत्रे डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवलेली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलरसमोरची जागा सगळ्यांत थंड, तेव्हा संगणकालाही ती चांगली असे कोणालाही वाटेल. पण कूलरची हवा ओलसर असते आणि गवताचे बारीक तूस व रस्त्यावरची धूळ सोबत आणते. कॅबिनेटचे झाकण काढले तेव्हा वरून पंखा स्वच्छ दिसत होता आणि फिरतही होता. तो पंखा सोडवून उचलला तेव्हा खाली, पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्या यांच्या मध्ये, नमद्यासारखा करडा थर चिकटलेला होता, नखाने कडा उचलली तर अख्खा गोल एकत्र निघून आला. ब्लोअर मारून तो निघाला नसता, आणि वरून ब्लोअर मारून मी तो वर्षभर आणखी घट्टच बसवत होतो. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने ते बेफाम फिरले तर बेअरिंग खराब होते.

जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. या सॉकेटचा मूळ कूलर, म्हणजे प्रोसेसरवरील पंखा व पाकळ्या, चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो, आणि कर्णरेषेत समोरासमोरच्या दोन एकदम दाबल्या तरच तो समतल बसतो; मदरबोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची टोके पलीकडे पूर्ण आली आहेत हे पाहिल्याशिवाय कॅबिनेट बंद करू नये. पाच क्रमांकाची एक खुंटी अर्धीच बसलेली निघाली. सर्व केल्यावर भर दुपारी, तेवढ्याच टॅब उघड्या असताना, तापमान ७१ अंशांवर थांबले. यंत्रांची जागा बदलली, डेझर्ट कूलरचा झोत आता माणसांवर आहे.

सहा क्रमांकाच्या यंत्राने मात्र वेगळाच त्रास दिला: अर्ध्या मिनिटासाठी सर्व थांबे, दिवा अखंड पेटे, आणि पुन्हा काही न घडल्यासारखे चालू होई. 'डीमेसेज'मध्ये साटा जोडणी, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांमधील जोडणी, तुटून पुन्हा जुळल्याच्या नोंदी होत्या. डिस्कचे आरोग्य दाखवणाऱ्या 'स्मार्टसीटीएल' आज्ञेच्या तक्त्यात ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींचे मूळ आकडे शून्य होते, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग ठीक होता. १९९ क्रमांकाची ओळ वाढत होती, आणि ती बहुधा केबलकडे बोट दाखवते. साटा केबल बदलली आणि प्रश्न संपला. ५ किंवा १९७ वाढत असते तर डिस्कच बदलावी लागली असती, आणि तेव्हा फिरती डिस्क न घेता छोटी एसएसडी घ्यावी, कारण वर मांडलेला ८० खेपांचा हिशेब एसएसडीवर लागूच होत नाही.

आठव्या डब्याची गोष्ट निराळी होती. तो कधीही, रिकामा असतानाही, जागच्या जागी गोठे. दिवा विझलेला, नम लॉक मेलेला, नोंदींत एक अक्षर नाही. जे१९०० हा इंटेलच्या बे ट्रेल पिढीचा प्रोसेसर आहे आणि ही पिढी लिनक्सवर खोल विश्रांतीच्या अवस्थेत जाताना गोठते, हा जुना परिचित दोष आहे. 'ग्रब' या, लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, फायलीत कर्नलला 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट' हे मूल्य १ असे द्यावे आणि 'अपडेट-ग्रब' चालवावे. वीज थोडी जास्त लागते आणि डबा किंचित गरम राहतो. यानेही गोठणे थांबले नसते तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने पुसून, रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी चालवून, शेवटी मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले आहेत का ते मी पाहिले असते. तशी वेळ आली नाही.

अडकलेले यंत्र बटण दाबून धरून बंद करण्यापूर्वी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी या कळा क्रमाने, दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबाव्यात. कर्नल जिवंत असेल तर तो डिस्कवरील लेखन पूर्ण करून, फाइल व्यवस्था सुरक्षित करून यंत्र पुन्हा सुरू करतो. डेबियन आणि उबुंटूवर या तीन कळा मूळ मांडणीतच चालू असतात. त्यांचा कागद मी प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवला आहे.

राहिले ॲटमचे नेटबुक. एन२७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर. क्रोमने ३२ बिटांचा लिनक्स २०१६ मध्येच सोडला, आणि २०२५ मध्ये आलेला डेबियन १३ अशा यंत्रावर बसवता येत नाही. त्यावर डेबियन १२ ठेवला आहे, झेडरॅमही लावला आहे, पण ब्राउझर काढून टाकला आहे. आता त्यावर लिब्रेऑफिस आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड एवढेच आहे आणि मुले त्यावर मराठी टंकलेखनाचा सराव करतात. ते अद्याप एकदाही हँग झालेले नाही.